आता मी पुढे होऊ?

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता तोरुननं थर्मासात कॉफी भरली, पावाच्या चार तुकड्यांना तपकिरी चीज लावून ते कागदात गुंडाळले, दोन संत्री पाठपिशवीत टाकली आणि झोपलेल्या नवऱ्याला सांगितलं, "तेराशे बारावर जातोय आम्ही. चारपर्यंत परत." नवऱ्यानं पांघरुणातून एक हात बाहेर काढून हलवला आणि पुन्हा आत घेतला.

तेराशे बारा हे काही डोंगराचं नाव नव्हे, त्याची उंची आहे. आमच्या फ्योर्डाच्या खाडीभोवती नावाजलेली शिखरं ढिगानं आहेत आणि ईस्टरच्या सुमाराला त्यांच्यावर जत्रा भरते. गाडी लावायला जागा मिळत नाही. पण ज्यांना नकाशात नुसता आकडा आहे, त्यांच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. तोरुन आणि तिची धाकटी बहीण ओस्ने नेमक्या असल्याच शिखरांच्या मागे लागलेल्या होत्या. आपल्या तालुक्यातली सगळी बिननावाची शिखरं पालथी घालायची, सकाळी निघून संध्याकाळच्या जेवणाला घरी यायचं, असा दोघींचा अकरा वर्षांचा नेम. सदतीसपैकी चौतीस झाली होती. उरलेली तीन उरलीच होती, कारण ती कुणालाच फारशी आवडत नव्हती.

तोरुन चौपन्न वर्षांची, गावातल्या बालवाडीची मुख्य. ओस्ने त्रेचाळीस, वायरमन. खांबावर चढणं हा तिचा रोजचा धंदा. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकत्र आल्या की भांडणावाचून तास सरत नसे. त्याला कारण होतं. त्यांची आई मच्छीच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची आणि सुट्टीच्या दिवशी मुली डोंगरावर निघाल्या की मोठीला बजावायची, "ओस्नेला तुझ्या मागे ठेव. पुढे सोडू नकोस." आई जाऊन वीस वर्षं झाली. धाकटीच्या केसांत पांढरे धागे आले. तरी मोठीनं तिला काही पुढे सोडलं नव्हतं. माया म्हणावी तर माया, हट्ट म्हणावा तर हट्ट. बहुतेक दोन्ही होतं.

गाडी रस्त्याच्या कडेला लावून दोघींनी स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवले. हे पट्टे असले की चढताना स्की मागे घसरत नाही. दोन दिवसांपूर्वी वीतभर ताजं बर्फ पडलं होतं आणि त्यावर एकही रेघ नव्हती. ऊन लख्ख होतं. भूर्जाच्या झाडांतून ओल्या सालीचा वास येत होता.

"आज वरपर्यंत मी पुढे," ओस्ने म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. गेल्या वर्षी शंभर मीटर राहिले असताना तुला चक्कर आली. चक्कर! आणि खाली येऊन एकटीनं चार वाफल खाल्लेस."

तोरुन वाकून बूट आवळू लागली. चक्कर खोटी होती. तो उतार तिला बरा वाटला नव्हता, आणि ओस्नेला नुसतं सांगून ती परत फिरली नसती, म्हणून तिनं डोकं धरून बसायचं नाटक केलं होतं. ते उघडकीला आलं तेव्हा ओस्ने तीन आठवडे बोलली नव्हती. म्हणून आज तोरुन म्हणाली, बरं, तू पुढे.

ताज्या बर्फात पुढे जाणाऱ्याचे हाल असतात. तो घोट्यापर्यंत रुतत वाट पाडतो आणि मागचे त्या आयत्या वाटेवरून चालतात. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. पुढचा दमला की वाटेबाहेर एक पाऊल सरकून उभा राहतो, मागच्यांना जाऊ देतो आणि स्वतः सगळ्यात शेवटी लागतो. मग दुसरा वाट पाडतो. अनोळखी माणूस जरी आपल्या वाटेवरून मागून आला, तरी त्यानं आधी वाटेबद्दल आभार मानायचे आणि मग विचारायचं, आता मी पुढे होऊ? जो विचारत नाही, नुसता मागेमागे येत राहतो, त्याच्याबद्दल खाली कॉफीच्या टेबलावर बरं बोललं जात नाही.

झाडं संपली आणि उघडा उतार लागला, तेव्हा ओस्नेनं मागे वळून पाहिलं. "आला बघ एक फुकट्या."

खाली, जिथं भूर्जाची शेवटची झाडं होती, तिथं त्यांच्या वाटेवर एक काळा ठिपका होता.

"गाडी तर आपली एकटीच होती," तोरुन म्हणाली.

"नंतर आली असेल. सगळ्यांनी तुझ्यासारखं कोंबड्याबरोबर उठायला हवं का?"

दोघी थोडा वेळ थांबल्या. तो येईल, आभार मानेल, थोडा पुढे होईल, तेवढाच आपल्या पायांना आराम, असा हिशेब. पण त्या थांबल्या तसा ठिपकाही थांबला. ओस्नेनं काठी उंच करून हलवली. त्यानं काहीच केलं नाही. त्या चालू लागल्या, मग तोही चालू लागला.

"लाजाळू दिसतोय," ओस्ने म्हणाली. "नाहीतर शहरातला असेल."

तासाभरानं त्या दोन डोंगरांमधल्या खिंडीत पोचल्या, तेव्हा तो बराच जवळ आला होता. मान खाली, नजर स्कीच्या टोकांवर, जसं चढताना सगळेच चालतात. एवढ्या वेळात त्यानं एकदाही मान वर केली नव्हती, आणि तोरुनला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे तिला सांगता आलं नसतं. उन्हात उभी असताना तिच्या पाठीला गार वाटलं, एवढंच.

खिंडीतून वर धार सुरू होत होती. उजवीकडे सरळसोट पण साधा उतार. डावीकडे मात्र काही नाही. वारा हिवाळाभर बर्फ धारेवरून पलीकडे ढकलत राहतो आणि त्याचा सज्जा तयार होतो. कड्याच्या बाहेर, हवेत लोंबणारा. वरून तो जमिनीसारखाच दिसतो. त्याच्यावर माणूस उभा राहिला की माणसासकट तुटतो, आणि खाली तीनशे मीटर काहीही नसतं. म्हणून धारेवर उजवीकडून चालायचं, हे आमच्याकडे पोरांना शाळेत शिकवतात.

त्या धारेवर पाव भाग चढल्या असतील, तेव्हा पश्चिमेकडून ढग आला. वादळ नव्हे, नुसता ढग, दुधासारखा. दहा मिनिटांत आकाश कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतं ते कळेनासं झालं. सावल्या गेल्या. पुढे चालणारी ओस्ने पाच हातांवर होती, तरी ती अधांतरी लोंबकळल्यासारखी दिसत होती.

"थांब," तोरुन म्हणाली. "आता मी पुढे."

"वरपर्यंत मी, असं ठरलंय."

"ठरलं तेव्हा दिसत होतं. बाजूला हो, ओस्ने."

ओस्ने हलली नाही. मग तिनं काठी बर्फात इतक्या जोरात रोवली की ती अर्धी आत गेली. "आयुष्यभर हेच," ती म्हणाली. "मरेपर्यंत तुझ्या पाठीवरची पिशवीच बघायची मी. जा. जा पुढे!"

ती उजवीकडे वाटेबाहेर सरकून उभी राहिली. तोरुन तिच्याकडे न बघता पुढे गेली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं हे तिला बघायचं नव्हतं.

मग बराच वेळ फक्त स्कीचा आवाज. पट्टे बर्फावरून सरकताना हस्स… हस्स… करतात. तोरुन एकेक पाऊल मोजूनमापून टाकत होती, डावीकडची काठी आधी टोचून बघत होती. मांड्या भरून आल्या. थोड्या वेळानं अगदी मागून आवाज आला.

"दमलीस ना? आता मी पुढे होऊ?"

आवाज ओस्नेचा होता, आणि इतका गोड की तोरुनला भरून आलं. राग गेला वाटतं.

"नको गं. आत्ताच तर मागे गेलीस."

दहा-बारा पावलं झाली.

"थोडं डावीकडे घे," मागून आवाज आला. "उजवीकडे बर्फ भुसभुशीत आहे."

ते खरं होतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत जात होता. तोरुन थोडी डावीकडे सरकली. डावीकडे खरंच बर्फ घट्ट होतं, चालायला सोपं, आणि पाय आपोआप तिकडेच वळू लागले. वास मात्र कुठून तरी येत होता. बर्फ वितळल्यावर खालून पहिली माती निघते, तिचा असा वास असतो. पण इथं माती कुठली? इथं तर तीन मीटर बर्फ होतं.

"किती चालशील एकटी?" मागून पुन्हा तेच, हळू, जवळून. "सरक की बाजूला… मी होते पुढे."

खरं सांगायचं तर तोरुन दमली होती. आणि मनात बहिणीचं ते मघाचं बोलणं सलत होतं. होऊ दे तिला पुढे, ती म्हणाली स्वतःशी, एवढे शेवटचे चाळीस मीटर होऊ दे. तिनं डावी स्की वाटेबाहेर टाकली.

आणि तेव्हा खूप मागून, ढगाच्या पार आतून, ओस्नेची हाक आली. दमलेली, चिडकी, नेहमीची.

"काय गं, थांबलात का दोघं?"

तोरुन तशीच उभी राहिली, एक पाय वाटेत आणि एक बाहेर.

"दोघं कोण?" तिनं ओरडून विचारलं. आवाज चिरका आला.

"तू आणि तो! मी बाजूला झाले ना, तेव्हा तो पण गेला माझ्यासमोरून. म्हटलं जाऊ दे. एवढा वेळ फुकट आलाय, त्यालाही थोडं रुतू दे बर्फात!"

तोरुननं वळून पाहिलं नाही. मान वळेचना. तिच्या पाठपिशवीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, कुणीतरी वाट बघत उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. आणि आता तिच्या लक्षात आलं की एवढा वेळ तिच्या स्वतःच्या स्कीखेरीज जवळपास दुसरा हस्स आवाज नव्हताच. ओस्नेचा होता तो फार मागून येत होता. मधलं जे होतं ते बिनआवाजी चालत होतं.

तिनं बाहेर टाकलेला पाय उचलण्यासाठी डाव्या काठीवर भार दिला. काठी मुठीपर्यंत आत गेली. खाली काहीच लागलं नाही. काठी बाहेर ओढली तर त्या भोकातून वारा वर आला आणि भोकाच्या तळाशी, खूप खाली, काळा खडक दिसला.

ती सज्ज्यावर उभी होती.

तिनं पाय परत वाटेत घेतला. एक इंच, मग एक इंच. तिला रडायला येत होतं आणि रडायची सवड नव्हती. ती बाजूला झाली असती तर मधलं ते पुढे झालं असतं, आणि त्याच्यामागून ओस्ने गेली असती. आयत्या वाटेवरून, डावीकडे डावीकडे, मान खाली घालून.

"ओस्ने!" ती ओरडली. "मागे फिर! मी सज्ज्यावर आहे. आलीस तशी आपल्या वाटेनं मागे फिर!"

"चाळीस मीटर राहिलेत!"

"मागे फिर म्हणते ना!"

"चक्कर आली का?" ढगातून आवाज आला, कडवट. पण पुढच्याच क्षणाला ओस्नेची स्की वळल्याचा खरखराट ऐकू आला. सज्जा या शब्दाशी आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. परत फिरण्यात लाज नाही, हे तर इथं शाळांच्या भिंतींवरसुद्धा लिहिलेलं असतं.

रांग मागे फिरली की शेवटचा पहिला होतो. हे तोरुनच्या ध्यानात आलं ते ओरडून झाल्यावर. आता ओस्ने पुढे, मध्ये ते, आणि ती स्वतः शेवटी. पण ओस्नेची पावलं दोघींनी मिळून पाडलेल्या, उजवीकडच्या वाटेवर होती. तिथं तिला धोका नव्हता, ती वाटेबाहेर सरकली नाही तर. तोरुननं डोळे मिटले, एक स्की उचलून उलट दिशेला ठेवली, मग दुसरी, आणि डोळे उघडले.

ते आधीच पाठ करून उभं होतं. राखाडी लोकरी कोट, पाठीवर काही नाही, आणि मानेच्या वर टोपी होती की केस होते की नुसतं बर्फ, ते ढगात कळत नव्हतं. ते चालू लागलं आणि ढगात शिरलं.

तोरुन मागोमाग निघाली, जमेल तितक्या घाईनं. तिला ते दिसत नव्हतं आणि ओस्नेही दिसत नव्हती. फक्त पुढून बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. दोन बायका चालता चालता बोलाव्यात तसं, खालच्या सुरात, मध्येच थांबून. त्यातला एक आवाज ओस्नेचा होता.

"ओस्ने!" तिनं हाक मारली. "वाट सोडू नकोस! कुणी काही म्हटलं तरी बाजूला होऊ नकोस!"

"ऐकतेय ना मी," ओस्ने म्हणाली. "बोल की." पण ते तोरुनला नव्हतं. ते अगदी शेजारच्या माणसाला म्हणावं तसं म्हटलेलं होतं. आणि पाठोपाठ ती हसली. किती वर्षांत ती अशी हसली नव्हती.

धार उतरायला वीस मिनिटं लागली असतील. तोरुनला विचाराल तर अख्खा हिवाळा गेला. खिंडीजवळ ढग जसा आला होता तसाच एकाएकी विरला आणि समोर सगळं ऊन ऊन झालं. खाली फ्योर्डाचं निळं पाणी, पलीकडे एक इवली फेरीबोट. खिंडीत ओस्ने एकटी बसली होती आणि स्कीचे पट्टे काढत होती. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. बर्फावर वर गेलेली आणि खाली आलेली एकच वाट होती. तिच्यावरून किती जण गेले ते वाटेवरून कळत नाही.

"तो कुठाय?" तोरुननं विचारलं.

"कोण, फुकट्या? तो वरच राहिला ना. तू त्याला मागे टाकून माझ्या पाठी आलीस तेव्हाच गेला असेल शिखराकडे." ओस्नेनं डोळ्यांवरचा चष्मा वर केला. तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. "चल. झाडांपाशी बसून संत्री खाऊ."

त्या झाडांपर्यंत घसरत खाली आल्या. तोरुन दोनदा पडली. वरच्या थराला उन्हानं छान साय आली होती, असं बर्फ वर्षातून चार दिवस मिळतं, पण तिला पायांखाली काय आहे याची शुद्ध नव्हती. एका उघड्या खडकावर त्या बसल्या. ओस्नेनं संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं आणि बोलायला लागली.

"मला वाटलं नव्हतं तू कधी म्हणशील."

"काय?"

"जे म्हणालीस ते. धारेवर. माझ्या मागून येताना." ओस्ने खालीच बघत होती. "की आईनं सांगितलं म्हणून तू मला मागे ठेवलंस आणि मग तुला ते सोडताच आलं नाही. की तुला लाज वाटते. माफ कर म्हणालीस. तोरुन, चौतीस शिखरं झाली, मी या एका वाक्यासाठी तुझ्याबरोबर येत होते असं वाटलं मला आज."

तोरुनच्या हातातली फोड तशीच राहिली.

"आधी मी चिडलेलीच होते. तू आपली मागून सारखी, बाजूला हो, मी पुढे होते, बाजूला हो. म्हटलं मरो, मुळीच होणार नाही बाजूला. पण मग तू ते सगळं बोललीस." ती हसली. "आणि म्हणालीस, शेवटचं एकदा मला पुढे होऊ दे. पुढच्या रविवारी. अख्खी वाट मी पाडते, तू नुसती मागून ये. त्यानंतर कायम तू पुढे. मी म्हटलं, बरं बाई, हो पुढे. दिला शब्द!"

ऊन पाठीवर होतं. झाडावर कुठंतरी एक पक्षी एकच सूर काढत होता. तोरुननं हातातली फोड खडकावर ठेवली.

"ओस्ने," ती म्हणाली. "मी… ते…"

ओस्नेनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड अजून होता, पण त्याच्या कडेला एक जुनी, सवयीची सावधगिरी यायला लागली होती. आता ही म्हणणार, मी असं म्हटलंच नाही. आता ही शब्द फिरवणार.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं, तुम्हीही सांगितलं असतं, घरात दिव्यापाशी बसून सगळेच शहाणे असतात. पण तोरुननं बहिणीचं तोंड बघितलं आणि तिची जीभ रेटेना. आपल्याला जे चौतीस शिखरांवर म्हणता आलं नाही ते दुसऱ्याच कुणीतरी म्हणून टाकलं होतं, आणि ते आता परत घ्यायचं म्हणजे पोरीच्या ताटातला घास काढून घेण्यासारखं होतं. शब्द काय, तिनं मनाशी म्हटलं, रविवारी जायचंच नाही म्हणजे झालं.

"हो," ती म्हणाली. "म्हटलं मी."

ओस्नेनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

आठवडाभर तोरुन बालवाडीत गेली, पोरांचे ओले हातमोजे वाळत घातले, नवऱ्याला काही बोलली नाही. शनिवारी तिनं ओस्नेला फोन केला. "गुडघा दुखतोय गं. उद्या राहू दे."

"राहू दे," ओस्ने म्हणाली, जराही न कुरकुरता. "मी होडी घासून काढते. शिखर काय पळून जात नाही."

फोन ठेवल्यावर तोरुनला इतकं हलकं वाटलं की तिनं केक केला.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहून कॉफी ओतत होती. नवरा बाहेर गाडी धूत होता. फोन वाजला. ओस्नेचा होता, आणि ती धापा टाकत होती.

"लबाड!" ओस्ने ओरडली. "गुडघा दुखतोय म्हणे!"

"काय झालं?"

"सकाळी सहाला माझं दार वाजवलंस ते काय गुडघ्यानं? मी अंथरुणातच होते. बाहेरूनच म्हणालीस, मी पुढे होते, तू ये मागून सावकाश. उघडायच्या आत गेलीससुद्धा. काय वाट पाडलीयस पण! रस्त्यापासून सरळ, एकदम सुरेख. गाडी नाही दिसली तुझी, नवऱ्यानं आणून सोडलं वाटतं. मी खिंडीत पोचले, माहितीये? एकदासुद्धा रुतले नाही."

कॉफी कपातून बाहेर सांडत होती.

"ओस्ने, नीट ऐक. मी घरी आहे. स्वयंपाकघरात आहे. ती वाट माझी नाही. आत्ता, या क्षणाला मागे फिर."

ओस्ने मोठ्यानं हसली. "आणि ही धारेवरून काठी हलवतेय ती कोण? दिसतेयस तू मला. हो, हो, आले!" मग पुन्हा फोनमध्ये, "तोरुन, एका वेळी एकीकडूनच बोल ना. वरून हाका मारतेस, त्यात फोनवरचं काही ऐकू येत नाही."

"मी नाही ती! त्या दिवशीही नव्हते! मी काही म्हटलं नव्हतं, ओस्ने, मी खोटं बोलले…"

पण फोन खिशात गेला होता. बंद झाला नव्हता. कापडाची खसखस आली, मग स्कीचा आवाज, हस्स… हस्स… आणि ओस्नेचा आनंदी, मोकळा आवाज, दुरून आल्यासारखा. "तू हो पुढे. मी आहे मागे."

तोरुन फोनमध्ये किंचाळली. नवरा हातातली नळी टाकून दारात आला. तिनं त्याला खुणेनं त्याचा फोन काढून मदतपथकाला लावायला सांगितलं, आणि स्वतःचा कानाला घट्ट धरून ठेवला. हे जे कुणी होतं, ते विचारल्याशिवाय पुढे होत नव्हतं. रीत पाळत होतं. मग त्याच्याशीच बोलावं. तिनं आवाज खाली आणला.

"ऐक," ती म्हणाली. "तिला सोड. तिनं शब्द दिला तो मला म्हणून दिला, तो मी मोडते. तिला पाठव परत. मी येते तिच्या जागी. मी येते."

स्कीचा आवाज थांबला. बराच वेळ नुसता वारा. मग फोनच्या अगदी जवळ, खिशात तोंड घातल्यासारखा, ओस्नेचा आवाज आला. गोड, हळू, धापा न टाकता.

"ये की तूही मागून. वाट पाडून ठेवलीय."